एक वीत उजवीकडे

गेली अकरा वर्षं, मार्च ते ऑक्टोबर, दर आठ-पंधरा दिवसांनी शैलाताई देवकुळे ट्रॅक्टर आणि औजार यांच्यामधल्या हातभर जागेत उभ्या राहत आल्या होत्या. एका बाजूला लोखंडी फणांचा कल्टिव्हेटर, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरची दोन दांडगी चाकं, आणि वर सीटवर मान उजवीकडे वळवून बसलेले चंद्रशेखरराव.

"अहो, या... या... अजून या... हळू... बास."

बास म्हटलं की ट्रॅक्टर थांबायचा.

ट्रॅक्टरला मागे तीन हात असतात, खाली दोन आणि वर एक. खालच्या हातांच्या टोकांना भोकं असतात, औजाराला दोन्ही बाजूंनी खुंट्या. भोकं खुंट्यांवर चढवायची, वर पिन मारायची, मग वरचा हात आटे फिरवून जोडायचा. झालं, औजार ट्रॅक्टरचं. सांगायला इतकं सोपं. प्रत्यक्षात ते हात खुंट्यांसमोर नेमके कधी येतच नाहीत. मग शैलाताई एक हात ओढून घ्यायच्या, दुसरा बुटाच्या टोकाने उचलायच्या, अडलंच तर औजाराला कंबरेने एक धक्का द्यायच्या. सगळं चार श्वासांत, आणि वर बसलेल्याला दिसणार नाही अशा बेताने.

"बघितलंस?" चंद्रशेखरराव वरून म्हणायचे. "एका दमात. इथले लोक तीन-तीनदा पुढेमागे करत बसतात."

"हो ना," शैलाताई हात झटकत म्हणायच्या.

नाटकाच्या धंद्यात अशी माणसं असतात. विंगेत वही धरून उभा असलेला प्रॉम्प्टर इतक्या हलक्या आवाजात वाक्य पुरवतो, की दिव्यांच्या झोतातल्या नटाला वाटावं, आपल्यालाच आठवलं. टाळी पडते ती नटाला. प्रॉम्प्टर पान उलटतो आणि पुढच्या वाक्यावर बोट ठेवतो. त्याला त्याचं दुःख नसतं. उलट, आपण ऐकू गेलो नाही याचाच त्याला अभिमान असतो. शैलाताईंनाही तसा तो होता.

त्या संगमनेरच्या, हायस्कुलातल्या ड्रॉइंग मास्तरांची मुलगी. बी.एस्सी. बॉटनी. १९९१ साली लग्न होऊन न्युरेम्बर्गला आल्या. चंद्रशेखरराव तिथे एका मोठ्या इंजिनीअरिंग कंपनीत टेस्टिंगला होते. बॉटनीच्या पदवीला जर्मनीत कोणी विचारलं नाही. पहिली दहा-बारा वर्षं कौमुदीला वाढवण्यात गेली आणि पुढची एकोणीस एका आल्टेनहाइमच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, स्वयंपाकघरात. तिथले नव्वदीचे आजोबा त्यांच्या हातचं मुगाचं वरण 'सूप' म्हणून मागून घ्यायचे. एक आजी तर मरायच्या आदल्या दिवशी ते दोन चमचे प्यायल्या होत्या. शैलाताई हे कोणाला सांगायच्या नाहीत. चंद्रशेखररावांनाही त्यांनी ते फक्त एकदा सांगितलं होतं.

शेत आलं ते मेथीच्या निमित्ताने. न्युरेम्बर्ग आणि फ्युर्टच्या मध्ये, विमानतळाच्या अगदी बगलेत, भाजीपाल्याचा एक मोठा पट्टा आहे. तिथले एक शेतकरी, हेर ड्रेक्सलर, यांनी अर्धा एकर जमीन कसायला दिली आणि शेडमधला आपला जुना ट्रॅक्टर आणि त्याची औजारंही वापरू दिली. आधी फक्त शनिवार-रविवार असायचे. चंद्रशेखरराव निवृत्त झाले तेव्हापासून आठवड्यातले पाच दिवस. मेथी, कोथिंबीर, लाल माठ, काचघराच्या कोपऱ्यात थोडी गवार. शुक्रवारी सकाळी तोडणी, आणि दुपारपासून न्युरेम्बर्ग-एर्लांगेनमधली मराठी कुटुंबं आपापल्या जुड्या घ्यायला हजर. मेथी दर पंधरा दिवसांनी नव्याने पेरावी लागते, म्हणून आज रोटाव्हेटर, उद्या कल्टिव्हेटर, परवा पेरणी यंत्र, अशी जोडसोड सारखी चालायची. आणि प्रत्येक जोडणीला दोन माणसं.

शैलाताईंच्या दृष्टीने खरी गोष्ट ही होती. घरात चंद्रशेखरराव त्यांच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आणि त्या आपल्या स्वयंपाकघरात. भांडण नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. शेतावर मात्र एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नव्हतं.

यंदा एप्रिलमध्ये चंद्रशेखररावांना सदुसष्ट वर्षं पूर्ण झाली. फ्रँकफर्टहून कौमुदी, तिचा नवरा कपिल आणि सहा वर्षांची अन्वी आली. कपिल आखनला शिकलेला इंजिनीअर, मनाने फार चांगला माणूस. सासऱ्यांसाठी त्याने गाडीच्या डिकीतून जड, रंग उडालेले दोन लोखंडी त्रिकोण आणले होते. त्यातला लहान त्रिकोण ट्रॅक्टरच्या तिन्ही हातांवर कायमचा बसवायचा. मोठा, आतून खोबण असलेला, औजारावर. असे आणखी दोन मोठे त्रिकोण मागवलेले होतेच, बाकीच्या औजारांसाठी.

"बाबा, आता उतरायचं कामच नाही," कपिल म्हणाला. "लहान त्रिकोण खाली घ्या, रिव्हर्स या, त्याचं टोक मोठ्याच्या पोटात गेलं की हायड्रॉलिकने वर उचला. तो आपोआप खोबणीत बसतो आणि वरचा खटका पडतो. टक. संपलं."

"क्विक हिच," चंद्रशेखरराव त्रिकोणावरून हात फिरवत म्हणाले. "कंपनीत आम्ही याचे लोड टेस्ट केलेत. हजारदा. स्वतः कधी लावला नाही."

"आणि आई, तुम्ही त्या मधल्या जागेत उभं राहणं आता बंद. इथे त्याला मनाई आहे. इन्शुरन्सच्या तपासणीवाल्याने पाहिलं ना, तर ड्रेक्सलरला त्रास."

"बरोबर आहे तुमचं," शैलाताई म्हणाल्या. त्या श्रीखंड वाढत होत्या.

"आल्झो, म्हणजे आई मोकळी," कौमुदी म्हणाली. मग तिने सगळं भराभर सांगितलं. ऑगस्टअखेर अन्वीची शाळा सुरू होणार. शाळा सुटणार साडेअकराला. शाळेनंतर मुलांना सांभाळणारं पाळणाघर असतं, होर्ट, तिथे जागा मिळाली नव्हती. वेटिंग लिस्टवर नंबर त्रेचाळीस. "म्हणून सोमवार ते शुक्रवार आई आमच्याकडे. बाबांशी बोलले आहे मी."

"मी म्हटलं, मला काही प्रॉब्लेम नाही," चंद्रशेखरराव म्हणाले. "हा खटका असल्यावर मी एकटा पुरे."

"अन्वी, अजून हवंय का गं श्रीखंड?" शैलाताईंनी विचारलं.

"नाइन, डांके," अन्वीने जर्मनमध्येच नको म्हटलं.

एवढंच झालं. कोणी कोणाला दुखावलं नाही. पण रात्री भांडी मशिनमध्ये लावताना तो एक शब्द शैलाताईंच्या डोक्यात फिरत राहिला. मोकळी. नोकरीवरून माणसाला मोकळं करतात, तेव्हा निदान एक पत्र देतात.

नात हवीहवीशी होती. नातीकडे जायचं त्यांच्या मनातही होतं. फक्त ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायचं राहून गेलंय हेही कोणाच्या लक्षात नव्हतं.

जुलै उजाडल्यावर त्रिकोण बसवले गेले, आणि पहिल्याच सकाळी चंद्रशेखररावांचा नेम चुकला. लहान त्रिकोणाचं टोक मोठ्याच्या पोटात जाण्याऐवजी बाहेरून कडेला घासलं. त्यांनी पुढे घेतलं, पुन्हा मागे आले. पुन्हा तेच.

"जमीन सपाट नाही इथली," ते म्हणाले.

शेडसमोरचं आवार काँक्रीटचं होतं.

"कपिलने वेल्डिंग करून घेताना त्रिकोण तिरका लावलाय," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. पट्टीने मोजून पाहिलं. तिरका नव्हता.

शैलाताई लांबून पाहत होत्या. कारण त्यांना माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी सायकलवरून पडल्यापासून चंद्रशेखररावांची मान डावीकडे पुरती वळत नव्हती. ते नेहमी उजव्या खांद्यावरून मागे पाहत, आणि त्यामुळे ट्रॅक्टर नेहमी एक वीत उजवीकडे येई. जुन्या जोडणीत हात डोलते असायचे, ते ओढून घेता यायचे. अकरा वर्षं ती एक वीत शैलाताईंच्या हातापायांनी भरून काढली होती. त्रिकोण मात्र ताठ. तो कोणासाठी डोलत नाही.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण नवऱ्याची चूक मुकाट्याने निस्तरायची आणि त्याला कळू द्यायची नाही, हे शैलाताईंना कोणी शिकवलं नव्हतं, त्या वळणातच वाढल्या होत्या. त्यांच्या आईने वडिलांचा चष्मा आयुष्यभर न बोलता शोधून दिला होता. आमटीत मीठ जास्त झालं तर आपण बटाटा टाकतो, त्याची दवंडी पिटत नाही.

आणि त्यातून त्यांच्या हातून जे झालं, ते असं.

जुलैतल्या एका रविवारी दरवर्षी मराठी मंडळातली कुटुंबं शेतावर येत. मुलं मेथी उपटत, मोठी माणसं झाडाखाली भेळ खात. यंदा चंद्रशेखररावांनी आठवडाभर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की या वेळी क्विक हिचचं प्रात्यक्षिक होणार. फ्रँकफर्टचीही तिघं येणार होती. आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत, सत्तावीस प्रयत्नांत, खटका पडला होता फक्त दोनदा.

"उद्या जमेल," बसमध्ये ते म्हणाले. खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा आवाज कंपनीत शेवटच्या दिवशी केक कापताना होता तसा पडलेला होता.

रविवारी शैलाताई पहिल्या बसने पुढे गेल्या. "जुड्या बांधायच्या आहेत," असं सांगून. शेडमधून त्यांनी पहार काढली. कल्टिव्हेटर आवारात नेहमीच्या जागी उभा होता. काँक्रीटला तिथे एक लांब भेग होती, आणि ट्रॅक्टरचं चाक त्या भेगेच्या कुठे येतं हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. त्यांनी पहार औजाराच्या पायाखाली घातली आणि जोर दिला. इंचभर सरकला. पुन्हा. दुसऱ्या बाजूने. पुन्हा. वीस मिनिटांत त्यांच्या पोलक्याची पाठ भिजली आणि कल्टिव्हेटर एक वीत उजवीकडे गेला.

अकरा वाजता सगळे जमले. विनय म्हणून मंडळाचे सेक्रेटरी आहेत, त्यांनी मोबाइल आडवा धरला. हेर ड्रेक्सलर खिशात हात घालून शेडच्या दारात. चंद्रशेखररावांनी सीटवर बसून शर्टाची बाही सारखी केली, मान उजवीकडे वळवली, आणि आले. त्रिकोण पोटात. हायड्रॉलिकची दांडी वर. टक.

कल्टिव्हेटर जमिनीवरून उचलला गेला, वाऱ्यावर ठेवल्यासारखा.

टाळ्या पडल्या. "वन्स मोअर," विनय म्हणाले. "व्हिडिओ नीट आला नाही."

"वन्स मोअर नाही," चंद्रशेखरराव हसत म्हणाले. "एका दमात म्हणजे एका दमात."

हेर ड्रेक्सलरनी मान हलवली आणि "पास्ट शो", म्हणजे 'ठीक आहे', म्हणाले. त्या भागातला माणूस याच्यापुढे स्तुती करत नाही. चंद्रशेखरराव उतरले तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता, की शैलाताईंना क्षणभर आपण फार चांगलं केलं असंच वाटलं.

मग कौमुदी येऊन त्यांच्या खांद्याला बिलगली. "बघितलंस, आई? आता मी निश्चिंत. सव्वीस ऑगस्टपासून. तुझी खोली तयार करून ठेवते."

तेव्हा शैलाताईंच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. आपली गरज नाही, याचा पुरावा त्यांनी स्वतः पहारीने सरकवून जागेवर ठेवला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे तो खोटा होता. सव्वीस ऑगस्टनंतर हा माणूस इथे एकटा असणार. मागे कोणी नाही. अर्धवट बसलेला त्रिकोण, वर उचललेलं दोन-अडीचशे किलोचं लोखंड, आणि त्याच्या मनात पक्कं बसलेलं की आपला नेम अचूक आहे.

सोमवारी त्यांनी पहारीला हात लावला नाही. रोटाव्हेटर जोडायचा होता.

चंद्रशेखरराव आत्मविश्वासाने मागे आले. त्रिकोणाचा एक कोपरा खोबणीत शिरला, दुसरा बाहेर राहिला. त्यांनी तसंच वर उचललं. रोटाव्हेटर एका बाजूने तिरपा वर चढला, खटका पडल्याचा आवाज आला नाही. ते थांबले. मग, इंजिन चालूच ठेवून, सीटवरून उतरले आणि काय अडलंय ते बघायला मधल्या जागेत शिरले. वाकले. पाय पुढे करून बुटाच्या टोकाने त्या लोंबत्या कोपऱ्याला ढकलायला लागले.

शैलाताई पाण्याच्या टाकीपाशी होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्यावर माणूस दचकतो आणि पाय भलतीकडे पडतो. त्यांनी जाऊन आधी त्यांची बाही धरली आणि त्यांना बाजूला ओढलं. मग ट्रॅक्टरला वळसा घालून इंजिन बंद करायची दांडी ओढली. आवारात एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत रोटाव्हेटरचा अडकलेला कोपरा सुटला आणि तो धप्पकन काँक्रीटवर बसला.

दोघंही तिकडे बघत राहिले.

"खाली बसा," शैलाताई म्हणाल्या.

ते उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले.

"काल तर बसला होता," ते म्हणाले.

"काल मी सरकवून ठेवला होता. सकाळी येऊन. पहारीने."

चंद्रशेखररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आवाराकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"किती?"

"एक वीत."

"वीत म्हणजे किती सेंटिमीटर?"

"वीत म्हणजे वीत हो. अठरा असेल, वीस असेल. तुम्ही उजवीकडे येता. नेहमीच. मान वळत नाही ना तुमची डावीकडे."

"नेहमीच म्हणजे?"

शैलाताईंना वाटलं, इथे थांबावं. पण अर्धवट बसलेला खटका काय करतो ते आत्ताच दोघांनी पाहिलं होतं.

"पहिल्यापासून. मी ओढून घ्यायचे. हात, खुंट्या, जे हाताला येईल ते. कधी पायाने."

"अकरा वर्षं?"

"हो."

"आणि मी वरून म्हणायचो, एका दमात."

"त्याचं काही नाही हो."

"आणि तू 'हो ना' म्हणायचीस."

शैलाताईंनी टाकीतून पाणी आणून त्यांच्या हातात दिलं.

त्या दिवशी बसमध्ये चंद्रशेखरराव ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि शैलाताई मागच्या दारापाशी. मंगळवारी ते जेवायला आले, जेवले, "भात छान झालाय" म्हणाले आणि उठले. विनयनी रविवारचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. खाली बावीस अंगठे आणि नऊ नमस्कार. चंद्रशेखररावांनी तो उघडला. दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना थांबवला आणि पडद्यावर बोट ठेवून काहीतरी मोजलं.

बुधवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात टेप होती.

"चल शेतावर," ते म्हणाले. "तू चालव. मी बघतो."

"मला कुठे येतं ते?"

"बांधाबांधाने चालवतेस की."

"ते सरळ असतं. पुढे."

"शैले, मला बाहेरून बघायचंय. मी ते कधी बाहेरून पाहिलेलंच नाही."

शैलाताई सीटवर चढल्या. चंद्रशेखरराव औजाराच्या जवळ जाऊन उभे राहिले.

"तिथे नाही," त्या वरून म्हणाल्या. "चाकांच्या मध्ये नाही उभं राहायचं. त्या टाकीपाशी जा."

ते निमूटपणे टाकीपाशी गेले.

पहिल्यांदा शैलाताईंचा त्रिकोण डावीकडे गेला. दुसऱ्यांदा क्लच सुटला आणि इंजिन बंद पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी आधी डाव्या खांद्यावरून पाहिलं, मग उजव्या, आणि मुंगीच्या चालीने मागे आल्या. टक.

चंद्रशेखरराव टाळी वाजवतील असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्यांनी ती वाजवलीही नाही. इंजिन बंद होईपर्यंत ते टाकीपाशीच थांबले. मग येऊन उकिडवे बसले आणि खटका बोटाने तपासला.

"तू औजाराकडे बघतच नाहीस."

"नाही. त्रिकोणाच्या टोकाकडे बघते. औजार कुठे आहे ते मला माहीतच असतं."

"मला माहीत नसतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मला वाटायचं, माहीत आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी बांधकाम-सामानाच्या दुकानातून एक गोल आरसा आणला आणि डाव्या मडगार्डवर पट्टी मारून बसवला. मानेचं काम आरशाने करायचं. पुढचे अकरा-बारा दिवस ते रोज दहा-दहा वेळा जोडायचे आणि सोडायचे. वहीत मांडायचे, कितीदा बसलं आणि कितीदा हुकलं, ते कोणत्या बाजूला. टेस्टिंगमधला माणूस. मात्र पूर्वीसारखं जमिनीला किंवा जावयाला नावं ठेवत नव्हते. हुकलं की "हुकलं" एवढंच म्हणत आणि पुढे घेत.

शैलाताई टाकीपाशी उभ्या असायच्या, हात जॅकेटच्या खिशात. 'या... या...' ओठांवर यायचं, ते गिळायच्या. एकदा त्रिकोण अगदी केसभर हुकला आणि त्यांना हायसं वाटलं. पाठोपाठ स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या मेथीच्या वाफ्यात जाऊन खुरपत बसल्या. चंद्रशेखरराव तिथवर चालत आले.

"काय झालं?"

"काही नाही."

"शैले, आजवर जेव्हा जेव्हा तू 'काही नाही' म्हणालीस, तेव्हा काहीतरी होतं."

शैलाताई खुरप्याची माती पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला जमलं की मी जाणार. कौमुदीने ठरवलंय, तुम्ही हो म्हणालात, कपिलरावांनी लोखंड आणून दिलं. मला कोणी विचारलंच नाही. आणि आता मीच तुम्हाला शिकवतेय."

चंद्रशेखरराव वाफ्याच्या कडेला बसले. विमान डोक्यावरून गेलं, ते जाईपर्यंत बोलता येत नव्हतंच.

"मला शिकायचंच आहे," ते शेवटी म्हणाले. "तू गेलीस तरी आणि राहिलीस तरी. त्या मधल्या जागेत तू पुन्हा उभी राहायची नाहीस. त्या दिवशी तो रोटाव्हेटर पडला ना, तेव्हापासून मला रोज तेच दिसतं. अकरा वर्षं तिथे तू होतीस."

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी वहीत ओळीने वीस टिंबं झाली, एकही न हुकता. रविवारी कौमुदीचा फोन आला. चंद्रशेखररावांनी स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला.

"बाबा, आईचं तिकीट काढू ना? सव्वीसचं, सोमवारचं?"

"कौमुदी, एक ऐक. जुलैत तुम्ही जे पाहिलंत ते खरं नव्हतं. आईने आधी औजार सरकवून ठेवलं होतं. मला ते येत नव्हतं. आता येतं, तिनेच शिकवलं."

"काय सांगताय?"

"खरं तेच. आणि दुसरं. आईचं येणं आपण तिघांनी ठरवलं. मी तर तिच्या वतीने हो म्हणून टाकलं, ती तिथे श्रीखंड वाढत असताना. ते माझं चुकलं. तिला विचार. ती नाही म्हणाली तर मी काही बोलणार नाही, तूही बोलायचं नाहीस."

कौमुदी म्हणाली, "आई, आहेस का तिथे?"

"आहे."

"आई, सॉरी. मी गृहीतच धरलं. येशील का तू?" मग घाईने, "नाही जमलं तर बघू आम्ही काहीतरी. कपिल अर्धा दिवस होमऑफिस मागू शकतो."

शैलाताईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. इतक्या वर्षांत त्यांना कोणी वेळ दिला नव्हता, आणि त्यांनीही तो घेतला नव्हता. गॅसवरच्या भाजीवर त्यांनी झाकण ठेवलं.

"येईन," त्या म्हणाल्या. "मला यायचंय. अन्वीशी मी मराठीत बोलणार आणि तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं तरी तुम्ही मध्ये पडायचं नाही. पण सोमवार ते गुरुवार. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने परत. शुक्रवारी इथे तोडणी असते, ती मी सोडणार नाही. शुक्रवारी कपिलरावांनी घरी राहावं."

"गेनाऊ, अगदी तसंच," कौमुदी म्हणाली. "बाबा, तुम्ही चार दिवस एकटे?"

"मी काय लहान आहे?"

"भाकऱ्या करून ठेवते फ्रीजमध्ये," शैलाताई म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर चंद्रशेखररावांनी ताटं घेतली. जेवताना त्यांनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा घास घेतला.

"तू गेल्यावर मंगळवारी कल्टिव्हेटर लावायचाय मला," तिसऱ्यांदा ते म्हणाले.

"लावा. वर उचलण्याआधी खटका बसलाय का ते बघायचं. बघायला उतरायचं असेल तर औजार जमिनीवर टेकवून आणि इंजिन बंद करून. मध्ये शिरायचं नाही."

"हो."

"बसला की मला फोटो पाठवायचा. खटक्याचा. तुमचा नको."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. निदान दिवाळीपर्यंत."

"आणि नाही बसला तर?"

शैलाताईंनी त्यांच्या पानात आणखी थोडी भाजी वाढली.

"नाही बसला तर पुढे घ्यायचं आणि पुन्हा मागे यायचं," त्या म्हणाल्या. "तीनदा लागलं तर तीनदा. तिथे तुम्हाला बघायला कोण बसलंय?"